महारेराचा नंबर नक्की कशाची हमी देतो?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला इस्टेट एजन्सी चालवते. महारेराची एजंट म्हणून नोंदणी आहे, परीक्षा पास आहे, नोंदणीचा नंबर दुकानाच्या पाटीवर, कार्डावर आणि व्हॉट्सॲपच्या फोटोतसुद्धा आहे. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या कुणाचं समजू नका. तुमच्याच यादीतल्या एका एजंटचं हे गाऱ्हाणं आहे. तुम्ही दिलेल्या नंबराचा ग्राहक जो अर्थ घेतो आणि कायद्यात त्याचा जेवढा अर्थ आहे, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, आणि या गैरसमजावर आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांची चूल पेटते.

ग्राहक दुकानात येतो, पाटी वाचतो आणि म्हणतो, "महारेरावाले आहात ना? मग टेन्शन नाही." त्याच्या मनात तीन गोष्टी असतात. एक, सरकारने या बाईला तपासलंय. दोन, हिने फसवलं तर दाद मागायला जागा आहे. तीन, ही जी घरं दाखवेल ती सगळी महारेरात बसतात. यातली पहिली अर्धीमुर्धी खरी, दुसरी कधीकधी खरी आणि तिसरी, निदान आमच्या डोंबिवलीत, बहुतेक वेळा खोटी. पण त्याला थांबवून हे समजावणारा एजंट मला तरी क्वचितच भेटलाय. कशाला समजावेल? गिऱ्हाईक स्वतःहून निश्चिंत होत असेल तर होऊ द्यावं, असंच चालतं.

आमच्या लोकांची कार्डं एकदा टेबलावर मांडून बघा. 'सर्टिफाइड प्रॉपर्टी ॲडव्हायझर', 'सीनियर होम कन्सल्टंट', 'महारेरा ॲप्रूव्हड'. हे 'ॲप्रूव्हड' कुणी केलं, कुठल्या कलमाखाली, हे विचारायची सोय नाही. काहींच्या भिंतीवर हॉटेलातल्या शनिवार-रविवारच्या वर्कशॉपची फ्रेम असते, त्यात कोटावर गुलाब लावलेला फोटो. त्या फ्रेमला कायद्यात किंमत शून्य. तरी ती तुमच्या प्रमाणपत्राच्या शेजारीच टांगलेली असते आणि समोर बसलेल्या माणसाला दोन्ही सारखीच भारदस्त दिसतात.

त्याहून चलाखी नंबरात चालते. प्रकल्पाचा नंबर 'पी'ने सुरू होतो, एजंटचा 'ए'ने, आणि ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या नंबरांत दोन्हींच्या पुढे ५१७ येतं. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. ग्राहकाला नाही. स्वतःची नोंदणी संपलेला एजंट बिल्डरच्या प्रकल्पाचा 'पी' नंबर ठळक छापून जाहिरात फिरवतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा त्याचाच. १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्ही प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलात, ते छान झालं. पण तो कोड स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं, फोनवर बोलणाऱ्या एजंटचं नव्हे.

आता परीक्षेबद्दल. मी परीक्षेच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं तेव्हा एजंटची नोंदणी म्हणजे अर्ज, कागद आणि फी. एकट्या माणसाला १०,००० रुपये, कंपनी वा भागीदारीला लाख रुपये, मुदत पाच वर्षं. फी भरणारा प्रत्येक जण पात्र. जानेवारी २०२३ मध्ये तुम्ही २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केलीत तेव्हा आमच्यात बरीच आदळआपट झाली. "पंचवीस वर्षं धंदा करतोय, आता शाळेत जायचं का?" असं म्हणणारे केस पिकलेले लोक वर्गात आले आणि वहीत लिहून घेताना मी पाहिले. कार्पेट एरियाची कायद्यातली व्याख्या शिकवली तेव्हा तर वर्गात चुळबुळच सुरू झाली. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, घराची स्वतंत्र बाल्कनी धरायची नाही, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मी आजवर बाल्कनी पकडूनच सांगत होतो की." तेवढ्या एका वाक्यासाठीसुद्धा ते २० तास वसूल झाले असं मी म्हणेन.

मे २०२३ च्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले, ४०५ पास झाले. निकाल ९६ टक्के लागला म्हणून नाकं मुरडणारे बरेच होते. माझं तसं नाही. पेपर सोपा असणं हा गुन्हा नव्हे. वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेतही बहुतेक जण पास होतातच. मला विचारायचंय ते वेगळं आहे: त्या परीक्षेत जे विचारलं जातं ते आम्ही दिवसभर जे करतो त्याच्याशी कितपत जुळतं? माझ्या वर्गात भर सगळा रेरा कायद्यावर, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या ज्या केंद्रीय कायद्याखाली महारेरा चालतं त्यावर, होता. आणि माझ्या दुकानात दिवसभरात जे लोक येतात त्यांतल्या बहुतेकांचा रेराशी संबंध येत नाही. कुणाला भाड्याने खोली हवी असते, कुणाला जुन्या सोसायटीतला वन बीएचके, कुणाला आईवडिलांसाठी लिफ्टची इमारत.

उदाहरण देते. गेल्या वर्षी एक जोडपं माझ्याकडे आलं. तो ऐरोलीला नोकरीला, ती घाटकोपरच्या एका लॅबमध्ये. मानपाडा रोडच्या बाजूला नव्वदच्या दशकातली तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, तिथला रिसेलचा फ्लॅट त्यांनी दुसऱ्या एका एजंटकडून पसंत केलेला. ५१,००० टोकन देऊन झालेलं. त्या मुलीची मावशी माझ्या शेजारी राहते, म्हणून "काकू, जरा कागद बघता का" एवढ्यापुरते ते आले होते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्स होत्या: शेवटचं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), लाइटबिल, मेंटेनन्सची पावती. सोसायटीचं सभासदत्व दाखवणारं शेअर सर्टिफिकेट नव्हतं. विचारलं तर, "सोसायटीकडे आहे, ट्रान्सफरला टाकलंय असं एजंट म्हणाले."

फ्लॅट तीन हातांतून गेलेला. बिल्डरकडून पहिल्याने घेतला, त्याने दुसऱ्याला विकला, दुसऱ्याने आताच्या मालकाला. फोल्डरमध्ये फक्त तिसरं ॲग्रीमेंट. मधला व्यवहार नुसत्या स्टॅम्पपेपरवर झालेला, नोंदणीच नाही. असं त्या काळी आमच्याकडे सर्रास व्हायचं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, "ट्रान्सफर कसलं? शेअर सर्टिफिकेट मालकाने पतपेढीत ठेवलंय, कर्ज आहे त्यावर. आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स बाकी आहे." त्या दोघांना बँकेचं लोन लागणार होतं. बँकेचा वकील पहिल्यापासून सगळी साखळी मागतो आणि मधला दुवा नोंदलेला नसेल तर फाइल तिथेच अडते. म्हणजे हा व्यवहार होणारच नव्हता, आणि हे टोकन घेण्याआधी अर्ध्या तासात कळण्यासारखं होतं.

टोकन परत मागितलं तर एजंट म्हणाला, "ते पार्टीने घेतलं, मी काय करू?" मालक म्हणाला, "एजंटला विचारा." त्या जोडप्याने रागाने मला विचारलं, "महारेरात तक्रार टाकू का? नंबर आहे त्याच्या कार्डावर." मी वेबसाइटवर पाहिलं. नंबर खरा होता, मुदतीतला होता. गृहस्थ परीक्षाही पास होते.

आणि तरी मला त्यांना सांगावं लागलं, की तक्रार टाकून फारसं हाती लागणार नाही. रेराचं कलम ९ नीट वाचलं तर एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातलं घर प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, विकत असेल तेव्हा. त्यांच्या फ्लॅटची इमारत रेरा जन्माला यायच्या कितीतरी आधीची. त्या व्यवहारापुरता त्याच्या कार्डावरचा नंबर म्हणजे नुसती नक्षी. राहिलं काय, तर ग्राहक आयोग आणि पोलीस स्टेशन. शेवटी सोसायटीचे चेअरमन मध्ये पडले आणि अर्धे पैसे परत आले. उरलेल्यांवर त्या दोघांनी पाणी सोडलं, कारण नोकरी सांभाळून तारखांना कोण जाणार?

भाड्याचं तर विचारूच नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटचा या कलमात कुठे उल्लेख नाही आणि रेरातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती. म्हणजे हेवी डिपॉझिटच्या (भाड्याऐवजी मोठी अनामत) नावाखाली एकच खोली दोघातिघांना दाखवून प्रत्येकाकडून पैसे घेणारा माणूस तुमच्या कक्षेत कुठेच येत नाही. पाटीवर मात्र त्याच्याही 'महारेरा रजिस्टर्ड' असतं, कारण मागे कधीतरी त्याने एखाद्या टॉवरमध्ये एखादं बुकिंग केलेलं असतं.

इथे तुम्ही म्हणाल, कायदा संसदेचा आहे, आम्ही काय करणार. मान्य. पण रेराच्या कलम ३२ मध्ये सरकारला शिफारशी करण्याचं काम प्राधिकरणाला दिलेलं आहे. हरयाणाने रेराच्याही आधी, २००८ मध्ये, प्रॉपर्टी डीलर आणि कन्सल्टंट यांच्या परवान्याचा वेगळा कायदा केला. आपल्याकडे बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीसाठीचा मोफा कायदा १९६३ चा आहे, सहकार कायदा आहे, भाडे नियंत्रण कायदा आहे, पण रिसेल आणि भाड्याच्या एजंटला कुणी वाली नाही. खरं तर ग्राहकाला वाली नाही, एजंटचं मस्त चाललंय.

आता नव्या प्रकल्पाकडे येते, जिथे तुमचा नंबर कायद्याने लागू होतो. तिथे प्रश्न ज्ञानाचा कमी आणि कुणाच्या ताटातलं खातो याचा जास्त आहे.

मी चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरला गिऱ्हाईक आणून देणारी एजंट आहे, माझ्यासारखे हजारो आहेत. कमिशन बिल्डर आम्हाला देतो. साधारण २ टक्के. माल हलत नसेल तर तीन, चार, कधी त्याहून वर. शिवाय स्कीम. महिन्याला ठरावीक बुकिंग झाली की स्लॅब बदलतो, दसऱ्याला सोन्याचं नाणं, वर्षाअखेरीला बँकॉकची ट्रिप. हे सगळं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाक्यांची चित्रं लावून येतं. मग रविवारी सकाळी ग्राहकाला गाडीत घेतलं की त्याला आधी कुठली साइट दाखवायची हे कोण ठरवतं, तुम्हीच सांगा. त्याच गाडीच्या काचेवर स्टिकर असतो: 'ग्राहकाकडून एकही पैसा घेत नाही.' खरंच आहे ते. घेत नाही.

टॅगिंग नावाचा एक प्रकार आहे, तो बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. साइटच्या लाउंजमध्ये गेलं की पहिल्यांदा ग्राहकाचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे नोंदवतात. ज्या एजंटने तो नंबर आधी टाकला असेल त्याच्या नावावर तो ग्राहक पुढचे साठ-नव्वद दिवस लागतो. म्हणून काही ठिकाणी ग्राहकाने नुसती चौकशी केली तरी त्याचा नंबर चार साइटवर आधीच चढवून ठेवतात. त्याला यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त अचानक दिवसाला वीस फोन येऊ लागतात. आणि दोन महिने त्याच्यासोबत फिरणारा, त्याला लोनचं गणित समजावणारा एजंट असतो एक, नि पैसे जातात ज्याने आधी टाइप केलं त्याला. या व्यवस्थेत चांगलं काम करण्यापेक्षा लवकर टाइप करणं फायद्याचं. तुमचं प्रमाणपत्र दोघांकडेही असतं.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. मागे तो तिथे घर बघत होता, तेव्हा त्याने एजंटच्या कार्डाचा फोटो पाठवला. नावामागे अक्षरांचा डबाच जोडलेला: एबीआर, जीआरआय, सीआरएस. "मावशी, हे तुमच्यातलंच ना, यांचा अर्थ काय?" मी शोधून पाहिलं. तिथे परवान्यासाठी ७५ तासांचा अभ्यासक्रम आणि मग राज्याची परीक्षा. आपल्या २० तासांपुढे ते बरंच. पण ती अक्षरं परवाना नव्हेत. 'रिअल्टर' हेसुद्धा सरकारी पद नाही, एका राष्ट्रीय संघटनेचा ट्रेडमार्क आहे. वर्गणी भरणाऱ्या सभासदालाच ते लावता येतं. एबीआर म्हणजे ग्राहकाच्या बाजूने काम करणारा. त्यासाठी दोन दिवसांचा कोर्स, एक जादा कोर्स, पाच पूर्ण झालेले व्यवहार आणि दरवर्षीची फी. फी थांबली की अक्षरं काढायची. तेव्हा अक्षरांचं प्रेम आपल्याकडेच आहे असं नाही.

त्या अक्षरांनी भाच्याला काडीचं काही कळलं नाही. कळलं ते एका कागदाने. कमिशनच्या पद्धतीवरून तिथे मोठा खटला झाला, २०२४ च्या मार्चमध्ये त्या संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलला. आता घर दाखवायला नेण्याआधी एजंटने ग्राहकाशी लेखी करार करायचा आणि त्यात स्वतःला किती मिळणार ते आकड्यात लिहायचं. भाच्याने तो करार वाचला, टक्का कमी करून घेतला आणि मगच घरं बघायला निघाला. तिथल्याही एजंटांनी या नियमावर बोंब मारली म्हणे. मारणारच.

असा कागद तुम्ही इथे आणू शकता. नवीन कायदा लागणार नाही असं मला वाटतं. कलम १० मध्ये एजंटची कर्तव्यं दिलेलीच आहेत, त्यात बुकिंगच्या वेळी ग्राहकाला सगळी माहिती आणि कागदपत्रं मिळतील असं बघणं हेही आहे. माझं कमिशन कोण देतं आणि किती देतं, ही माहिती त्यात बसत नाही का? साइट व्हिजिटच्या आधी एक पानी निवेदन, मराठीत, ठरावीक नमुन्यात, दोघांच्या सह्यांचं. माझं या व्यवहारात उत्पन्न कुठून, टक्का किती, या घराचा व्यवहार रेराच्या कक्षेत आहे की नाही. एवढं पुरे. माझ्यासारख्या चार लोकांची बुकिंग पहिल्या महिन्यात कमी होतील. होऊ देत.

डोंबिवलीची म्हणून ६५ इमारतींबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र संपवता येत नाही. कल्याण-डोंबिवली पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून त्या इमारतींना महारेराचे नंबर मिळवले गेले. नंबर खरा, त्यामागची परवानगी खोटी. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या आणि इथे घराघरात रडारड सुरू झाली. बँकांनी कर्जं दिलेली, नोंदणी झालेली, माणसं राहायला गेलेली. ती घरं विकणारे सगळे एजंट चोर होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी वेबसाइट उघडली, 'पी' नंबर बघितला आणि ग्राहकाला दाखवला. तुमच्या प्रशिक्षणात जे शिकवलं जातं ते त्यांनी केलं. बँकांनीही तेच केलं की.

पण एखादा मुरलेला एजंट पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा क्रमांक तपासून आला असता. आमच्या गल्लीत असे एकदोन जण आहेत, त्यांनी त्यातल्या काही इमारतींना हातच लावला नाही. "जागा बघितली का? रस्ता कुठंय? इतके मजले मिळतीलच कसे?" एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या कार्डावर एकही जादा अक्षर नाही. एकाचं तर कार्डच नाही, जुन्या कॅलेंडरच्या पाठी नंबर लिहून देतो. हा घोटाळा उघड झाल्यावर कागदांची खातरजमा पालिकांकडून करून घ्यायची पद्धत तुम्ही सुरू केलीत, ते योग्यच. पण मग एजंटच्या प्रशिक्षणातही ते येऊ द्या. २० तासांतले चार तास तरी कायद्याच्या पुस्तकाबाहेर काढा. सहदुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसवा, इंडेक्स टू कसा शोधायचा ते दाखवा. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्रातला फरक खऱ्या कागदावर दाखवा. जुन्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हातात द्या, मागच्या बाजूच्या ट्रान्सफरच्या नोंदी वाचायला लावा. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम म्हणून २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही, हे किती एजंटांना पाठ आहे ते एकदा विचारून बघा.

वेबसाइटचं एक सांगायचं राहिलं. २०२४ मध्ये तुम्ही सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी स्थगित केलीत, कारण त्यांनी प्रमाणपत्र घेतलं नव्हतं. पेपरात मोठ्या मथळ्याने आलं. आमच्या स्टेशन रोडवर मात्र एकही पाटी खाली उतरलेली मी पाहिली नाही. कलम ६२ मध्ये नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला रोज १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड आहे. आमच्या भागात तो कुणाला लागल्याचं माझ्या कानावर नाही. आणि कायद्याचं कलम ३४ सांगतं की नोंदणी असलेल्या एजंटांची नावं आणि फोटो तर संकेतस्थळावर हवेतच, शिवाय ज्यांची नोंदणी नाकारली किंवा रद्द केली तेही हवेत. मग ते सामान्य माणसाला सापडेल असं ठेवा. एजंटचं नाव टाकलं की एकाच पानावर दिसू दे: नोंदणी चालू की स्थगित, कुणाची तक्रार होती का, तुम्ही आदेश काय दिला, दंड भरला का. माझ्या पानावर काही नसेल तर तेही दिसू दे, माझा त्यात फायदाच आहे. आज मी आणि टोकन बुडवणारे ते गृहस्थ, दोघंही तुमच्या यादीत सारखेच दिसतो: नाव, नंबर, मुदत.

पाटीसाठी आणि कार्डासाठीही एक ठरावीक मजकूर काढा. 'महारेरा ॲप्रूव्हड', 'महारेरा सर्टिफाइड कन्सल्टंट' वगैरे छापायला बंदी घाला. त्याऐवजी एवढंच: 'नोंदणीकृत प्रकल्पांतील बिल्डरच्या विक्रीसाठी महारेरा नोंदणी क्र. अमुक, मुदत तमुक. रिसेल व भाड्याच्या व्यवहारांना लागू नाही.' ओळ लांब आहे, कार्डावर बारीक अक्षरात येईल, दिसायला वाईट दिसेल. तरी चालेल. आमच्यातल्या निम्म्यांचा विरोध असेल आणि तो कोण करतंय ते बघून ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रशिक्षणात खरे कागद ठेवायचे ठरवलंत तर माझ्याकडे गेल्या कित्येक वर्षांच्या अडकलेल्या व्यवहारांच्या फायली आहेत: अर्धवट साखळ्या, खोट्या एनओसी, एकाच फ्लॅटची दोन ॲग्रीमेंटं. नावं आणि पत्ते खोडून देते. झेरॉक्सचे पैसेही मागणार नाही, फक्त कुणाला तरी न्यायला पाठवा, कुरिअरने पाठवण्याइतकं ते हलकं नाही.

आपली,
डोंबिवली पूर्वेची एक नोंदणीकृत इस्टेट एजंट